प्रवाह नाही

पाणी वाहत होतं आणि भिंतीवरचा डबा म्हणत होता, वाहत नाही. मी तोंडात ब्रश धरून हौदाच्या काठाशी उभा होतो. मधोमध एक पिवळं पान पडलेलं होतं, आणि ते पान, निघतो निघतो म्हणत दारातच रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखं, हळूहळू कोपऱ्यातल्या जाळीकडे सरकत होतं. म्हणजे जाळी पाणी ओढत होती. समोरच्या भिंतीत जी तोंडं आहेत त्यांतून ते पाणी परत हौदात येत होतं. तिथं वर बारीक सुरकुती पडत होती, दुधावर साय धरताना पडते तशी. हे सगळं मला चष्म्याशिवाय दिसत होतं. आणि पंपाच्या खोलीत, उघड्या दारातून दिसणाऱ्या करड्या डब्यावर, लाल दिव्याखाली अक्षरं उभी होती: प्रवाह नाही. मी ब्रश तोंडातून काढला आणि डब्याला म्हटलं, "अरे, डोळे फुटले का तुझे?" जन्मभर मी नसलेल्या गोष्टी आहेत म्हणून सांगत आलो. त्याबद्दल लोकांनी मला थापाड्या म्हटलं, बंडलबाज म्हटलं, एका व्याह्यानं तर भर पंगतीत म्हटलं की यांच्या घड्याळातला काटासुद्धा खरं सांगायला लाजतो. सगळं ऐकून घेतलं. पण असलेली गोष्ट तोंडावर नाही म्हणून सांगणारा इतका निगरगट्ट मला हा पहिलाच भेटला. मग मी वाकून पाण्यात हात घातला. पाणी गार होतं. काल दुपारी ते कोमट होतं, आणि आज गार होतं, आणि मनगटापाशी ते लागलं तेव्हा जिन्याची शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी तसं झालं.

कारण त्या डब्याचं एक आहे. नळीतून पाणी वाहतंय असं त्याला कळलं, तरच तो पाणी तापवायचं यंत्र पेटू देतो. नाही तर नाही. रिकाम्या नळीला जाळ लागू नये म्हणून ही सोय. आणि पाणी तापलं नाही तर ही त्यात उतरू शकत नाही. आणि ही उतरली नाही, तर रविवारी आमची लेक येणार, बघण्यासारखं काहीच नाही म्हणणार, आणि सोमवारी गाडी बोलावून हिला घेऊन जाणार. असं ते सरळसोट होतं. एका डब्याच्या होकारावर माझं घर उभं होतं.

ही म्हणजे माझी बायको. नाव घेण्याची सवय मला नाही, तिलाही नव्हती. ती मला 'अहो' म्हणायची, आणि त्या दोन अक्षरांत तिला काय काय म्हणता यायचं ते मी सांगायला बसलो तर तेवढंही खरं आहे असं तुम्हाला वाटणार नाही. मी फरश्या विकायचो. गुळगुळीत, रंगीत, चकाकत्या फरश्या. नमुन्यांची जड पेटी घेऊन दारोदार हिंडायचो आणि फरशीबरोबर फुकट गोष्ट द्यायचो. ही निळी बघा, हिच्यात तोंड बघून एका घरच्या कोंबड्या इतक्या नटायला लागल्या की अंडी घालायला त्यांना वेळ मिळेना. लोक हसायचे, आणि हसलेला माणूस दार लावून घेत नाही. घरी आलो की त्याच गोष्टी हिला सांगायचो. ही कधी हसायची नाही, कधी 'काहीतरीच' म्हणायची नाही. हातात काही ना काही काम असायचं, सुईत दोरा, नाही तर चाळणीत गहू, आणि मान खाली घालून ती एवढंच म्हणायची, "मग?" तिनं माझ्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही आणि एकही गोष्ट मधे तोडली नाही. मागच्या अंगणातला हा हौद मी बांधला तो उरलेल्या फरश्यांचा. घर बघायला येणारे त्याला स्विमिंग पूल म्हणतात. ही पहिल्या दिवसापासून हौद म्हणाली, म्हणून तो हौद. तळाला सतरा प्रकारचे निळे आहेत, कारण कुठलीच निळी पुरेशी उरली नव्हती. गुडघे दुखायला लागल्यावर ही त्यात उतरायला लागली, आणि केस पाठीवर सोडून, डोळे मिटून, काही न करता नुसती तरंगायची. मी काठावर बसून बोलायचो. कान पाण्याखाली असायचे तिचे. तरी माझं वाक्य संपलं की बरोबर वेळेवर म्हणायची, "मग?"

हिला गेल्या थंडीत अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी गाढवाची गोष्ट सांगत होतो. मी आणि एक गाढव लिफ्टमध्ये अडकलो होतो ती. चौथ्या मजल्यावर फरशी पोचवायची होती, हमाल मिळेना, म्हणून गाढवच आत घातलं. तिसरा मजला सुटला आणि चौथा येईना. आमची लेक लिफ्टची तपासनीस आहे. गावोगावच्या लिफ्ट तपासते. स्वतः वर-खाली जाऊन आल्याशिवाय सही करत नाही. लहानपणापासून ती तशीच. फरशी फोडली की रडत यायची आणि सांगायची, मी फोडली. खोटं बोलणं तिला जमलंच नाही. या बाबतीत माझा वंश बुडाला. तिला ही गाढवाची गोष्ट मुळीच आवडत नाही. म्हणते, "बाबा, गाढवाचं वजन, तुमचं वजन, फरशीचं वजन, ती लिफ्ट जागची हललीच नसती." तर त्या संध्याकाळी गाढव आणि मी तिसऱ्या नि चौथ्याच्या मधे लोंबकळत होतो, गाढवानं माझ्याकडे बघितलं, आणि म्हणालं... इथं मी नेहमीसारखा थांबलो. ही सदऱ्याला बटण लावत होती. ती म्हणाली, "म..." आणि सुई खाली पडली. पुढचं अक्षर आलं नाही. इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या डाव्या हातात आपलं बोट दिलं, दाबा म्हणाले, वाट बघितली, पुन्हा म्हणाले, आणि शेजारी उभ्या नर्सला म्हणाले, प्रतिसाद नाही. तिनं ते लिहून घेतलं. तेव्हापासून ही बोललेली नाही. उजवा हात थोडा उठतो, डोळे उघडतात, कुठं बघतात ते कळत नाही. गाढव अजून तिथंच आहे.

घरी येऊन तिचे हातपाय हलवणारी एक मुलगी आहे, तिला मी व्यायामवाली म्हणतो. तिनंच सांगितलं, कोमट पाण्यात घेऊ या, पाण्यात शरीराला वजन नसतं. म्हणून पाण्यात जाणारा उतार बांधला, चाकाची खुर्ची पाण्यापर्यंत जाते, मानेखाली फुगवलेली उशी, आणि आम्ही दोघं तिला दोन बाजूंनी धरतो. परवा सकाळी व्यायामवालीचा फोन वाजला, ती काठाशी गेली, आणि मी एकटा हिचा डावा हात धरून उभा होतो. तेवढ्यात तिचं बोट हललं. मी पाण्यात आहे, पाणी हलतं, पाण्याबरोबर सगळंच हलतं हे मलाही कळतं. पण हे तसं नव्हतं. तिच्या करंगळीनं माझी करंगळी बाहेरून आत वळवली, गर्दीत चालताना ती वळवायची तशी, आणि सोडली. मी ओरडलो. व्यायामवाली पळत आली, तिनं बघितलं, तेव्हा हात पुन्हा पाण्यावर ठेवलेल्या कापडासारखा. ती म्हणाली, "काका, पाण्यात असं वाटतं कधी कधी." गोड मुलगी आहे. इतक्या गोडपणानं आजवर मला कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. लेकीला फोन केला. पलीकडे कुठल्या तरी लिफ्टचं दार उघडत होतं, मिटत होतं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि तुमच्या गोष्टी."

"गोष्ट नाही गं. खरंच."

"तुम्ही प्रत्येक वेळी खरंच म्हणता." तिचा आवाज चिडका नव्हता, दमलेला होता. "त्या शुश्रूषागृहात सगळं बघून ठेवलंय मी. चांगली माणसं आहेत, चोवीस तास कुणीतरी असतं. तुम्हाला आता तिला उचलवत नाही. मागच्या महिन्यात दोघं मिळून न्हाणीघरात पडलात, ते मला शेजाऱ्यांकडून कळलं."

"पडलो नाही. बसलो."

"बाबा."

"बरं, पडलो."

"मी रविवारी येते. पाण्यात घेऊ तिला. माझ्यासमोर हललं तर सोमवारची गाडी नको म्हणून सांगीन. नाही हललं तर तुम्ही हट्ट करायचा नाही. कबूल?"

कबूल म्हटलं. जन्मभर ज्यानं लांडगा आला रे आला केलं, त्याच्या दारात लांडगा खरंच येऊन बसला तर त्यानं काय करावं हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मी पाणबुड्याला बोलावलं. हा हौद दुरुस्त करणारा. पाण्याखाली कान लावून गळती ऐकतो अशी त्याची स्वतःची जाहिरात, म्हणून पाणबुड्या. पोट असं की हौदात उतरला तर पाणी रस्त्यावर जाईल. माझ्या ओळखीत थापांच्या बाबतीत माझ्या तोडीचा हा एकच माणूस, त्यामुळे आम्हाला एकमेकांची किंमत आहे.

"काय काका, आहात अजून?"

"तू उशीर केलास, नाही तर गेलो होतो."

"परवा एका घरी हौदात घोडा निघाला," तो पिशवी उघडत म्हणाला. "मालक म्हणे, आमचा नाही."

"चांगलंय. त्यापेक्षा घोडा म्हणाला असता, मालक माझा नाही, तर जास्त खुललं असतं."

त्यानं विचार केला, मान हलवली, आणि ते वाक्य चोरून ठेवलं. मला दिसलं ते. मग त्यानं लाल दिवा बघितला. "कुणी कशाला हात लावला होता?" मी म्हटलं, नाही. हे मी खोटं बोललो नाही. मला खरंच तसं वाटत होतं.

नळीच्या पोटात, हाताच्या कोपरासारखा जिथं एक सांधा आहे, तिथं तो प्रवाह ओळखणारा सेन्सर बसवलेला असतो. पाणबुड्यानं पंप बंद केला, सांधा सोडवला, आणि तळहाताएवढी ती वस्तू बाहेर काढून माझ्यासमोर धरली. एक लहानसं पातं, बाळाच्या जिभेएवढं. पाणी जोरात आलं की ते मागं वाकतं. वाकलं की तारेतून डब्याला निरोप जातो, आहे. नाही वाकलं की, नाही. बस, इतकंच त्याचं शिक्षण. त्या पात्याभोवती काहीतरी गुंडाळलेलं होतं. "हे बघा चोर," पाणबुड्या म्हणाला आणि चिमटीनं ओढायला लागला, आणि ते येत राहिलं, लांब, पांढरं, ओलं. केस. हिचे. त्यानं ते झटकून जमिनीवर टाकले, मी उचलले. बोटाभोवती गुंडाळता गुंडाळता माझ्या मनात आलं की इस्पितळात हिचे केस कापले ते थंडीत. मानेपाशी आता सगळे बोटभर आहेत. एवढे लांब म्हणजे आधीचे. ती तरंगायची तेव्हाचे. तेव्हापासून ते त्या अंधाऱ्या नळीत पात्याला धरून बसले होते, आणि इतके महिने त्यांना बांधलेलं असूनसुद्धा ते पातं वाकत होतं, आहे म्हणत होतं. म्हणजे चोर केस नव्हते. हे मी पाणबुड्याला सांगायच्या आत तो नळीकडे वळला. त्यानं सांधा घट्ट केला, पंप लावला. लाल.

"नळीवरचा बाण बघितलास? उलटा नाही ना बसवला?"

"काका, मला शिकवता? माझा जन्म नळीत झालाय." तरी त्यानं बाण बघितला. सुलटा होता. तारा पुसल्या, पुन्हा खोचल्या. लाल. मग त्यानं सेन्सरकडून येणाऱ्या दोन तारा डब्यातून काढल्या आणि जिथं त्या खोचतात ती दोन टोकं तांब्याच्या एका तुकड्यानं एकमेकांना जोडून टाकली, आणि डबा क्षणात हिरवा झाला, कोपऱ्यातलं यंत्र खाकरून पेटलं. "म्हणजे डबा शहाणा आहे. त्याला कुणी आहे म्हटलं की तो मानतो. न मानणारा हा आहे," म्हणून त्यानं तुकडा काढला आणि सेन्सर बदलून पिशवीतला नवाकोरा बसवला. लाल. दोघं साक्षीदार, एक म्हातारा नि एक नवा, आणि दोघांची साक्ष एक. पाणबुड्यानं कमरेवर हात ठेवले. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा गोष्ट संपलेली बघितली.

"असं करतो," तो म्हणाला, "तो तुकडा ठेवतो तसाच आत. डब्याला वाटू दे वाहतंय म्हणून. तुम्हाला काय, पाणी तापल्याशी मतलब."

"ठेव," मी म्हटलं. एका श्वासात म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढं रविवार होता, वाफ निघणारं पाणी होतं, लेकीचा चेहरा होता. जन्मभर मी दुसरं काय केलं होतं? तांब्याचा एक तुकडा. मधे काही वाहो न वाहो, समोरच्याचा दिवा हिरवा करायचा. मला ही विद्या त्यानं शिकवायची गरज नव्हती.

पाणबुड्यानं तुकडा उचलला, डब्याजवळ नेला, आणि तिथंच धरून उभा राहिला. त्याचे हात एरवी गिरणीच्या पट्ट्यासारखे सारखे फिरत असतात. घोडा सांगताना त्यानं घोड्याएवढे हात केले होते. आता ते हलत नव्हते. "एकदा ठेवला होता," तो म्हणाला. "पंप मधेच बंद पडला. डब्याला कळलं नाही. नळी मेणासारखी वाकली, फुटली." त्यानं बाही वर सरकवली. कोपराच्या आत कातडी पिळलेल्या फडक्यासारखी होती.

"पाण्यात कुणी होतं?"

"एक बाई पाय सोडून बसल्या होत्या."

मी हयात गोष्टींत घालवली आहे. खोटं सांगताना माणसाचे हात हलतात, हे मला आरशातून ठाऊक आहे. त्यानं तांब्याचा तुकडा खिशात टाकला. खिडकीच्या काचेतून मला हिची खाट दिसत होती, उशीवर ते कापलेले केस, आणि चादरीवर ठेवलेला, ठेवलेलाच, डावा हात. आम्ही दोघं काहीच बोलत नव्हतो. दोन थापाडे एका खोलीत गप्प बसलेत असा प्रसंग पूर्वी कधी आला नव्हता, आणि त्या शांततेतच पाणबुड्यानं मान तिरकी केली.

"पंप चालू आहे ना?"

"चालू आहे की. पान बघ, सरकतंय."

"मग इतका गप्प कसा?" त्यानं पंपाच्या पाठीवर तळहात ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. पंपाच्या डोक्यावर दोन बटणं आहेत, वर नि खाली, आणि मधे एक चमकणारी पट्टी. पट्टी जवळजवळ विझलेली होती. "हात तिच्या, पहिल्यांदा बघायची गोष्ट, आणि मी शेवटी बघतोय. वेग पार तळाला आणलाय कुणीतरी. पाणी वाहतंय काका. वाहतंय. पण पात्याला कळेल इतकं नाही."

काल संध्याकाळी मी आवाज कमी केला होता. माझ्या लेखी मी आवाजच कमी केला होता. रेडिओचा करतो तसा, खालच्या खुणेचं बटण दाबून, दाबत दाबत, शेवटपर्यंत. बोट हलल्यापासून मला वाटायला लागलं होतं की आता शब्दही येईल, आला तर तो फार बारीक येईल, आणि या पंपाच्या घरघरीत मला ऐकू येणार नाही. हिची खाट खिडकीशी, खिडकी पंपाशी. म्हणून आवाज कमी केला, खुर्ची ओढून घेतली आणि कानात प्राण आणून बसलो. गाढवाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. हमाल मिळेना. गाढव आत घातलं. तिसरा मजला सुटला. गाढवानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणालं... इथं थांबलो. इतकी शांतता होती की तिच्या श्वासाची ये-जा ऐकू येत होती, आत जाताना थोडी अडखळणारी. मी वाट बघितली. बाहेर पाणी, आपलं आपण, आवाज न करता, फिरत होतं. म्हणजे तिचं ऐकण्यासाठी मीच तिचं पाणी गार केलं होतं.

"कुणी केलं हे?" पाणबुड्यानं विचारलं.

"मांजरानं केलं असेल."

"तुमच्याकडे मांजर आहे?"

"असेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, खिडकीशी ओढलेली खुर्ची बघितली. "मांजरांना फार वाईट सवय असते," तो म्हणाला, "बटणांची." आणि त्यानं वरचं बटण दाबून धरलं. पंप गुरगुरला, मग घरघरला, मग भिंत थरथरायला लागली, दिवा हिरवा झाला, यंत्र पेटलं. हौदाच्या तोंडांतून पाणी ढुशा मारत बाहेर आलं. ते पिवळं पान गर्रकन फिरलं आणि जाळीत गेलं. पाणबुड्या जाताना काहीतरी म्हणाला. त्याचे ओठ हलले ते दिसले.

शनिवारभर पाणी तापत राहिलं. मी हिच्याजवळ बसलो, बोललोही, पण ते आपलं आपल्याशी. घरघर घरभर होती. ती भांड्यांत होती, दाराच्या कडीत होती, माझ्या दातांत होती. तिचा श्वास दिसायचा, चादर उठायची नि बसायची, ऐकू यायचा नाही. मधेच मला वाटायचं, आत्ता बोलली. मी तिच्या ओठांशी कान न्यायचो. तिथं ऊब होती. ओठांतून ऊब येते ती शब्दाची की श्वासाची, हे सांगणारं पातं कुणी बनवलेलं नाही. दुपारी मी उठलो आणि पंपाच्या खोलीत जाऊन त्या खालच्या बटणासमोर उभा राहिलो. थोडंच कमी करावं. थोडंच, हिरवा हिरवा राहील आणि ऐकूही येईल, असा मधला एखादा ठिपका असेलच की. मी एकदा दाबलं. हिरवा. ऐकू काही येईना. पुन्हा दाबलं. हिरवा दिवा थरथरला, डोळ्यात कुसळ गेल्यासारखा मिचमिचला. मी घाईघाईनं वरचं बटण दाबलं, दाबून धरलं, पट्टी भरेपर्यंत. एकतर पाणी ऊब धरील, नाही तर मला ऐकू येईल. दोन्ही देणारा ठिपका तिथं नव्हता. हात पाण्यात घालून बसलो, तर पाणी कोमट व्हायला लागलं होतं, आणि मला रडू आलं नाही. मी फक्त तो हात बराच वेळ बाहेर काढला नाही.

रविवारी लेक आली. बॅग दारातच ठेवून आधी आईपाशी गेली, तिच्या केसांवरून हात फिरवला, मग माझ्या शर्टाचं वर-खाली लागलेलं बटण काढून नीट लावलं. पंपाच्या खोलीत जाऊन तिनं हिरवा दिवा बघितला, नळीवर हात ठेवला, तिला सवयच आहे ती. "चांगलं चाललंय," म्हणाली. व्यायामवालीला रविवारची सुट्टी, म्हणून तीच जुने कपडे घालून पाण्यात उतरली. खुर्ची उतारावरून मी सोडली, तिनं धरली. मानेखाली उशी. हिचं अंग पाण्यानं उचललं, ओझं उचलल्यासारखं नाही, काहीतरी आठवल्यासारखं. डोळे अर्धे मिटले. तळाचे सगळे निळे तिच्याखाली हलत होते.

"मीही येतो," मी म्हटलं.

"नको बाबा. तुम्ही घसराल, मग मी कुणाकुणाला धरू? वर बसा."

"पंप बंद करू का? तेवढ्यापुरता?"

"कशाला? गार होईल पाणी," ती मोठ्यानं म्हणाली, मोठ्यानंच बोलावं लागत होतं. "बसा ना."

मी काठावर बसलो, पाय पाण्यात सोडून. लेकीनं एक हात आईच्या पाठीखाली घातला आणि दुसऱ्यानं तिचा डावा हात धरला, पाण्याखाली. पाणी तोंडांतून ढुशा मारत होतं, वर पाण्याचा सगळा पत्रा मोडत होता, जुळत होता, मोडत होता. खालचं काही दिसत नव्हतं, निळ्यावर नुसते उजेडाचे धागे. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तपासताना ती अशीच दिसते, ओठ आत ओढलेले, नजर कुठंच नाही. मला तिचं लहानपण आठवलं नाही, हिचं तरुणपण आठवलं नाही. वेळ येते तेव्हा माणसाला काही आठवत नाही, त्याला फक्त पाय गार पडलेत की गरम ते कळतं. गरम होते. पाणी छान तापलं होतं. लेक वाकली, आईच्या कानाशी काहीतरी बोलली. मग थांबली. फार वेळ थांबली. यंत्राचा जाळ कमी झाला, पुन्हा वाढला. ती तशीच उभी, पाण्याकडे बघत, आणि माझ्याकडे मुळीच न बघता ती म्हणाली, "बाबा, हललं."

मला ऐकू आलं. तरी मी हात कानामागं नेला.

"हललं बोट," ती म्हणाली.

तिचा आवाज चिरका होता. खरं सांगतानाही असा होतो माणसाचा आवाज, आणि पहिल्यांदाच खोटं सांगतानाही असाच होत असणार. या धंद्यात केस पांढरे केलेला मी, मला एका वाक्यात सांगता यायला हवं होतं. हात बघितले असते तर सांगितलं असतं. तिचे दोन्ही हात पाण्याखाली होते.

मग मला कळलं की ती थांबली आहे. सांगून झाल्यावर माणूस थांबतो ना, समोरच्याकडून काहीतरी यायचं असतं, तशी. जन्मभर मी जिथं थांबत आलो तिथं ती उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात, आणि तिथं किती एकटं वाटतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी म्हटलं, "मग?"

तिनं मान वर केली. डोळे भरलेले होते, की पाणी उडालं होतं. "मग... करंगळी धरली माझी."

"मग?"

"मग काय." ती आईकडे बघायला लागली, आईच्या तोंडाकडे. "मग सोमवारची गाडी नको म्हणून सांगते. मीच राहते इथं थोडे दिवस. तुमच्याच्यानं व्हायचं नाही एकट्याच्यानं."

आणि यानंतर "मग?" असं पुन्हा एकदा कुणीतरी म्हणालं. लेक म्हणते, ते तुम्हीच म्हणालात बाबा. असेन. पंप चालू होता. दुसरं कुणी म्हणालं असतं तरी मला ऐकू आलं नसतं.